चालीवर शब्द का बसत नाहीत? गीतलेखनाच्या सरावाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कविता बरीच वर्षं लिहिताय, मित्राने मोबाईलवर चाल गुणगुणून पाठवली, आणि मुखडा लिहायला बसलात तर ओळ लांब तरी होते नाहीतर आखूड. मित्र म्हणतो, "मीटरमध्ये बसत नाही." म्हणून विचारलंय, की गीतलेखन शिकून येतं का, क्लास लावावा का आणि घरच्या घरी सराव काय करायचा.

शिकून येतं. सुचणं कुणी शिकवू शकत नाही हे मान्य, पण तुमचं अडलंय ते सुचण्यापाशी नाही. तुम्ही ओळ डोळ्यांनी मोजताय. वहीत ती शेजारच्या ओळीएवढी दिसली की तुम्हाला ती बसलीशी वाटते. चालीचा हिशेब मात्र मात्रांचा, तो कानाने आणि हाताने लावावा लागतो.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे मित्राची चाल अशी आहे: लाऽ ल ल लाऽ लाऽ, लाऽ ल ल लाऽ. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर, त्याची एक मात्रा; गुरू म्हणजे दीर्घ किंवा अनुस्वाराचं अक्षर, त्याच्या दोन मात्रा धरा. पहिल्या तुकड्यात आठ, दुसऱ्यात सहा, म्हणजे एकूण 14. ठेका केहरवा, म्हणजे आठ मात्रांचा असेल तर दोन आवर्तनांच्या (फेऱ्यांच्या) 16 मात्रा होतात, म्हणजे शेवटच्या दोन मोकळ्या आहेत. आता तुमची ओळ: 'तुझ्या आठवणींचा गंध दरवळे'. मोजून बघा, 19 भरतात. ('तुझ्या'तला 'तु' लघुच. पुढे जोडाक्षर आलं तरी मराठीत तिथे आघात पडत नाही. 'तुम्ही'चंही तसंच.) 14 च्या जागेत 19 कोंबायच्या तर गायकाला शब्द चावत पळावं लागणार. त्यात ओळ सुरूच होते लघुने, आणि चाल समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दीर्घ मागतेय. मित्र बिचारा 'बसत नाही' एवढंच म्हणाला, सभ्य माणूस दिसतोय.

मग करायचं काय? आधी अर्थ बाजूला ठेवा. चाल लावा, मांडीवर हाताने ठेका धरा, 'ला ल ल' तोंडात पक्कं बसू द्या आणि जे सुचेल ते निरर्थक घाला. स्टुडिओत याला डमी म्हणतात. संगीतकार स्वतःच 'अरे जा रे जा रे' छापाचं काहीतरी गाऊन पाठवतात, ते हेच. मी साधारणपणे स्वयंपाकघरातलं काहीतरी घालतो. तुमच्या चालीवर: 'डाळ शिजेना, आच कमी'. दोन-एक-एक-दोन-दोन, दोन-एक-एक-दोन. चोख बसली. या ओळीचं गाणं होणार नाही हे उघड आहे, पण तिने तीन गोष्टी दाखवल्या: समेवर दीर्घ अक्षराने सुरुवात, पहिला तुकडा संपतो तिथे शब्दही संपतो, आणि शेवट लांबवता येईल अशा स्वरावर. आता याच साच्यात तुमच्या मनातलं घाला. मी पटकन केलेलं:

अंगण सारे चिंब उभे
दार कुणाची वाट बघे

यमक कच्चं आहे, 'भे' आणि 'घे' यांत फक्त ए जुळतो. कागदावर मी ते खोडलं असतं. गाताना मात्र तो ए लांबणार, म्हणून चालून जाईल. तुमच्या ओळीतली 'आठवण' गेली हेही बघा. जागाच नव्हती, म्हणून वाट बघायचं काम दाराकडे गेलं. चालीच्या अडवणुकीचा असा फायदा बरेचदा होतो. 'आधी चाल, मग शब्द' या पद्धतीला नाकं मुरडणाऱ्या कवींना तो कधी कळत नाही.

आता जरा बारीक मुद्दा, ज्यावर नवे लोक हमखास अडकतात. नुसती बेरीज जुळून भागत नाही. 'सांज उतरली' हेही आठ मात्रांचं. चालीत जिथे तिसऱ्या जागी 'ल' आणि मग 'लाऽ' आहे, तिथे 'उ' आणि 'तर' येतात. कागदावर 'त' आणि 'र' दोन सुटी अक्षरं आहेत, पण बोलताना आपण 'उ-तर्-ली' म्हणतो, म्हणून 'तर' त्या एका लांब स्वरावर अलगद बसतं. त्याच जागी 'वाच न कविता' घालून बघा. मात्रा तितक्याच, पण 'कवि' हे 'तर'सारखं एका दमात मिटत नाही. 'वि'मधली इ उच्चारावीच लागते, आणि एका लांब स्वराचे दोन तुकडे पडतात. संथ गाण्यात गायक ते निभावून नेतो, द्रुत लयीत ठेचकाळतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे शब्दाच्या शेवटचा अ. 'वाट' आपण बोलतो 'वाट्'. चालीत एकच लांब स्वर असेल तर गायक 'वाऽ' धरतो आणि शेवटी ट मिटवतो, कानाला गोड लागतं. तिथेच चालीने दोन वेगळे, सारख्या वजनाचे सूर दिले असतील तर 'वा' आणि 'टऽ' असं गावं लागतं आणि तो ट शाळेतल्या पाठांतरासारखा ऐकू येतो. अशा जागी 'माती', 'ओली', 'गाणे' असे दोन्ही अक्षरं भरलेले शब्द घ्या. दादऱ्यात उलट परिस्थिती. तीन-तीन मात्रांच्या तुकड्यांत 'सांज', 'दूर', 'वाट', 'मंद' हे शब्द जणू मापाने शिवल्यासारखे बसतात.

शब्द तोडण्याबद्दल एकच उदाहरण देतो. एका शिबिरात एकीने लिहिलं होतं, 'ये ना सखा, रामप्रहरी'. वाचायला सुंदर. चालीत स्वल्पविराम नव्हता. गाणाऱ्याने श्वास घेतला 'राम'नंतर, आणि सगळ्यांनी ऐकलं, 'ये ना सखाराम'. पुढचा अर्धा तास काम झालं नाही.

चाल वर चढते तिथे कोणता स्वर येतो तेही तपासा. तारसप्तकात बहुतेक गळ्यांना आ, ओ सोपे जातात, ई आणि ऊ आवळतात. शेवटचं अक्षर लांबवायचं असेल तर ते व्यंजनाने मिटणारं नको. ओळ गाऊन बघितलीत तर हे आपोआप कळतं. आवाज वाईट असला तरी गा. दार लावून गा.

यमकाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मराठीत प्रत्ययांमुळे यमक फुकट मिळतं: 'घराला-मनाला', 'जाताना-येताना', 'सांगते-मागते'. यातलं शेवटचं बरं, कारण 'आंग' आणि 'आग' जवळ येतात. पहिलं टाकाऊ, तिथे फक्त 'ला' जुळतोय. प्रत्यय काढून टाका आणि उरलेलं जुळतं का ते बघा. शिवाय श्वास-ध्यास-भास-आस ही चौकडी सहा महिने घराबाहेर ठेवा. मी शिबिरात पहिल्याच दिवशी फळ्यावर बंदी घातलेले शब्द लिहितो: श्वास, चांदणं, आठवण. लोक चिडतात. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गाण्यांत एसटी स्टँड, उशीचा अभ्रा आणि रॉकेलचा वास यायला लागतो.

रोजच्या सरावाचं विचारलंत, तर मी मोठा अभंग लिहायला सांगेन. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. इथे मोजायची ती अक्षरं, मात्रा नाहीत, त्यामुळे लघु-गुरूची भीती नाही. विषय अगदी क्षुल्लक घ्या:

पहाटेची गाडी
भरली खच्चून
दमलो रचून
एक ओळ

रोज एक. जपून ठेवायची नाही. भजनी ठेक्यावर म्हणून बघायची आणि पुढे जायचं. छोट्या जागेत वाक्य पूर्ण कसं करायचं, हे यातून जितकं लवकर हाताला लागतं तितकं दुसऱ्या कशातून लागत नाही.

याच्या जोडीला जात्यावरच्या ओव्या ऐका. वाचू नका, ऐका. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने एक लाखाहून जास्त ओव्या गावोगावच्या बायकांकडून गोळा झाल्या, आणि 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ओव्या आवाजासकट आहेत. छापलेली ओवी समोर ठेवा आणि रेकॉर्डिंग लावा. गाणारी बाई मध्येच 'गं', 'बाई', 'सये' घालते, शब्द परत घेते, अर्धी ओळ उचलून पुन्हा म्हणते. छापील दोन ओळी आणि गायलेल्या दोन ओळी यांत जो फरक दिसतो, तो चालीने शब्दांकडून मागून घेतलेला असतो. आपण गीतकार तीच मागणी आधी ओळखायला बसतो. एक मात्रा कमी पडली की 'रे' किंवा 'गं' घालायचा मोह होईल. घाला, पण ओवीत तो 'गं' कुणाला तरी उद्देशून असतो. तुमच्या गाण्यात समोर कुणी नसेल तर तो भरतीचा आहे हे लगेच कळतं.

गाणं कुणाच्या तोंडचं आहे, हा प्रश्न कवितेत टाळता येतो, गाण्यात टाळता येत नाही. गदिमांनी पुणे आकाशवाणीसाठी 1955-56 मध्ये वर्षभर, आठवड्याला एक या गतीने गीतरामायणाची 56 गीतं लिहिली आणि सुधीर फडक्यांनी ती संगीतबद्ध केली. त्याकडे शिकणाऱ्याने त्या पुण्याईसाठी बघण्याआधी कामाच्या पद्धतीसाठी बघावं. कथा एकच, पण गाणी वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत, आणि पात्र बदललं की शब्दांचा पोत बदलतो. त्यातून माझा एक स्वाध्याय निघालाय: एकच प्रसंग, समजा घर विकलं जातंय, त्याचा मुखडा तीन जणांच्या तोंडून लिहायचा. विकणारा मुलगा, म्हातारी आई आणि दलाल. दलालाचा मुखडा बहुतेकांचा सर्वात चांगला होतो, कारण तिथे कुणी 'काव्य' करायला जात नाही.

ओळखीच्या चालीवर नवे शब्द लिहिण्याचा सरावही उत्तम. भजनी मंडळं, गणेशोत्सवातले मेळे, हळदीची गाणी, भीमगीतं या सगळ्यांत तो पूर्वापार चालत आलाय आणि त्यात कमीपणा काही नाही. वामनदादा कर्डकांसारखा माणूस स्वतः रचायचा आणि गावोगाव स्वतः गायचा, समोरच्या गर्दीला शब्द कळला की नाही ते तिथल्या तिथे दिसायचं. सरावातलं गाणं मात्र घरातच ठेवा. दुसऱ्याची चाल परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही.

क्लासबद्दल. मी स्वतः शिबिरं घेतो, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी समजा. खोलीत पेटी नसेल आणि तुम्ही लिहिलेलं कुणी गाणार नसेल, तर तो कवितेचा वर्ग आहे, नाव आणि फी काहीही असो. माझ्याकडे नियम असा, की लिहिणाऱ्याने स्वतःची ओळ गायची नाही. ती आधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात कागद द्यायचा. तो जिथे अडखळतो तिथे खूण. 'असं नाही, असं म्हणायचं' हे सांगायला लेखकाला बंदी. रेडिओवर तुम्ही कुठे सांगायला जाणार आहात? जवळपास असा वर्ग नसेल तर एखादा भजनी तबलजी गाठा आणि आठवड्यातून तासभर त्याच्यासमोर ओळी म्हणा. रूपक तालाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेवर येते, ही गोष्ट मी दहा वेळा लिहून सांगितली तरी, तो एकदा वाजवून दाखवेल तेव्हाच ती अंगात जाईल. नियमांचं पुस्तक हवंच असेल तर सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' वाचा. पुस्तिका गझलेसाठी आहे, पण लघु-गुरू आणि यमकाची शिस्त कुठेही उपयोगी पडते.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक व्यवहाराचं सांगतो. मित्राबरोबर काम करताय म्हणून कागद टाळू नका. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीचा हक्क कायद्याने आहे आणि तो निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून देता येत नाही. थिएटरात चित्रपटासोबत गाणं वाजतं तेवढं त्यातून वगळलंय. करारात 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य आलं तर सही करण्याआधी जाणकाराला दाखवा. गाणी प्रसिद्ध व्हायला लागली की आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या.

आता तुमच्या मुखड्याकडे परत. पुढच्या ओळी लिहिण्याआधी मित्राला एवढंच विचारा, की ओळीच्या शेवटच्या त्या दोन मोकळ्या मात्रांत बासरीची वगैरे फिरत (सुरांची छोटीशी धाव) आहे, की त्याने गुणगुणताना नुसता श्वास घेतला होता. फिरत असेल तर 14 कायम. श्वास असेल तर तो तुम्हाला तिथे आणखी एक गुरू द्यायला तयार होईल, मग 'उभे-बघे'ही बदलता येईल आणि यमकही धड करता येईल. आणि अंतऱ्याची चाल आली की त्याच्याकडून क्रॉस लाईन वेगळी गाऊन घ्या. मुखड्याकडे वळणारी ती ओळ बहुधा मीटर बदलते, आणि मुखड्याच्या मापावर ती आधीच लिहून बसलात तर सगळा अंतरा पुन्हा करावा लागेल.