रिलीफ पिचर पंधराच चेंडू टाकतो, मग दुसऱ्या दिवशी त्याला बसवतात कशाला?

तुमचं म्हणणं असं, की कसोटीतला वेगवान गोलंदाज दिवसाला पंधरा-अठरा षटकं टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर असतो, आणि बेसबॉलचा रिलीफ पिचर (सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, जागी मध्येच येणारा) एका इनिंगनंतर, म्हणजे तीन बाद होईपर्यंतच्या छोट्या डावानंतर, दुसऱ्या दिवशी 'आज उपलब्ध नाही' म्हणून बाकावर बसतो. हे नाटक नाही. ताण येण्याची जागाच वेगळी आहे, आणि तुम्ही मोजताय ते पंधरा चेंडू हा त्याच्या कामाचा अर्धाच हिशेब आहे.

गोलंदाज धावत येऊन सरळ हाताने टाकतो, तेव्हा मार बसतो कमरेच्या मणक्याला. पिचर जागेवरून, कोपर वाकवून, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर फेकतो. हात मागून पुढे वळतो त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट अगदी तुटेपर्यंत ताणलं जातं. ते तगतं, कारण कोपराखालचे स्नायू त्यातला मोठा वाटा उचलतात. स्नायू दमले की सगळा भार लिगामेंटवर. ते फाटलं तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे ते लिगामेंट नव्याने बसवणं, आणि पुन्हा माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) यायला बारा ते अठरा महिने. म्हणून मॅनेजरचा, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाचा, खरा प्रश्न 'किती चेंडू' हा नसून 'दमलेल्या हाताने किती' हा असतो. एकाच इनिंगमध्ये घाम गाळून टाकलेले तीस चेंडू दोन सोप्या इनिंगमधल्या तीसपेक्षा वाईट ते यामुळेच.

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, विश्रांतीचा लेखी नियम नाही, पण ढोबळ हिशेब सगळीकडे सारखाच. पंधरा-वीस चेंडूंपर्यंत टाकले असतील तर उद्या पुन्हा चालतो. पंचवीस-तीस झाले की उद्या सुट्टी. सलग दोन दिवस टाकलं तर तिसरा दिवस बंद. सलग तिसऱ्या दिवशी उतरवायचं ते अगदी नडलं तरच, आणि मग पुढे दोन दिवस हात लावायचा नाही. चाळीस-पन्नास चेंडू टाकणाऱ्या लाँग रिलीव्हरला तीन-चार दिवस. लेखी रूप बघायचं असेल तर वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांमधल्या स्पर्धेचे नियम बघा: तीस किंवा जास्त चेंडूंनंतर एक दिवस, पन्नास किंवा जास्तनंतर चार दिवस, आणि सलग दोन दिवस टाकल्यावर एक दिवस सक्तीची विश्रांती.

आता हिशेबाचा दुसरा अर्धा. सामन्यात यायच्या आधी पिचर बुलपेनमध्ये (रिलीफ पिचरांच्या तयारीच्या जागेत) वीस-पंचवीस चेंडू टाकून हात तापवतो, त्यातले शेवटचे आठ-दहा पूर्ण जोरात. हे धावफलकावर कुठेच दिसत नाही. सातव्या इनिंगमध्ये त्याला उठवलं, धोका टळला म्हणून बसवलं, आठव्यात परत उठवलं आणि शेवटी वापरलंच नाही, तर कागदावर त्याचे शून्य चेंडू आणि हातावर चाळीसच्या वर. चांगला मॅनेजर असा दिवस सरळ एक सामना म्हणून धरतो. त्याच्या बुलपेनच्या फोनवर 'अमुक तयार ठेवा' एवढंच नसतं. 'दुसरा बॅटर बेसवर पोचला तरच, आणि फक्त त्यांच्या डावखुऱ्यासाठी' असा नेमका निरोप असतो. एकदा हात पूर्ण तापला की वापरा नाहीतर आजच्यापुरतं सोडा. २०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे चेंडू ठरावीक सेकंदांत टाकायला लावणारं घड्याळ, आल्यावर हे आणखी अवघड झालंय: खेळ पटापट सरकतो, म्हणून फोन लवकर करावा लागतो आणि फुकट तापवणं वाढतं.

रोज सामन्याआधी मॅनेजर आणि पिचिंग कोच मागच्या काही दिवसांच्या चेंडूंचा तक्ता बघून तीन गट पाडतात: मोकळा, गरज पडली तरच, आणि बंद. पिचरला विचारून फारसा उपयोग नाही, तो 'मस्त आहे' असंच म्हणणार. त्यापेक्षा दुपारच्या सरावात तो लांब फेकायला टाळतोय का, चेंडू सोडताना हात नेहमीपेक्षा खाली येतोय का, वेग दीड-दोन मैलांनी उतरलाय का, हे बघतात.

दीडशेच्या वर सामन्यांचा हंगाम आणि २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर. त्यामुळे वाचवायचे चेंडू हरलेल्या सामन्यातूनच काढावे लागतात. सहा धावांनी मागे असताना चांगला माणूस वापरायचा नाही, लाँग रिलीव्हरला मार खाऊ द्यायचा. आठ किंवा जास्त धावांनी मागे असाल तर नियमाने एखाद्या फिल्डरलाही पिचिंगला उभं करता येतं. लोक हसतात, पण तिथे एक हात वाचलेला असतो. एखाद्या ताज्या पोराला मायनरमधून (खालच्या लीगमधून) वर आणून दमलेल्याला खाली पाठवणं हेही नेहमीचंच. गंमत म्हणजे जिंकत सुटलेल्या संघाचंच बुलपेन, म्हणजे रिलीफ पिचरांचा ताफा, आधी पिचतं, कारण एका धावेचा सामना सोडून द्यायला कुणाचं मन होत नाही.

२०१६ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, बघा. शिकागो कब्जचा क्लोझर (शेवटच्या इनिंगसाठी राखलेला रिलीफ पिचर) अरोल्डिस चॅपमन पाचव्या सामन्यात ४२ चेंडू टाकून गेला. हरलो तर सगळं संपलं, अशी वेळ होती. ते समजू शकतो. एका दिवसाच्या सुट्टीनंतर सहाव्यात ७-२ अशी आघाडी असताना त्याला सातव्या इनिंगमध्ये आणलं. पुढे आघाडी ९-२ झाली, तरी नववी सुरू करायला तोच. हे मात्र मला पटत नाही: सात धावांची आघाडी कुणीही राखली असती. आणखी २० चेंडू गेले. दुसऱ्या रात्री सातव्या सामन्यात क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसने त्याला होमरन मारून ६-६ बरोबरी केली. कब्ज दहाव्या इनिंगमध्ये जिंकले, तरी या निर्णयावर बरीच टीका झाली.

जुने लोक म्हणतील, १९७४ मध्ये डॉजर्सच्या माइक मार्शलने १०६ सामन्यांत २०८ इनिंग टाकल्या. खरंय. पण तो आजच्यासारखा प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने फेकत नव्हता. आणि टॉमी जॉनच्या कोपरावर ती पहिली शस्त्रक्रिया झाली तीही त्याच वर्षी, त्याच संघात.

विश्रांतीचा अतिरेकही चालत नाही. पाच-सहा दिवस न वापरलेल्या पिचरचा अंदाज चुकायला लागतो, म्हणून त्याला निकाल लागलेल्या सामन्यात एखादी इनिंग देतात. संघ चार धावांनी पुढे असताना असा पिचर आलेला दिसला, तर मॅनेजर घाबरलाय असं लगेच समजू नका.