पाचारण, पगार आणि वाण्याची वही

“ताई, प्रभूने बोलावले आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही; पण घर कसे चालणार, हे मला कोणी सांगत नाही.” पूर्णवेळ सेवेचा विचार करत असलेले जे विश्वासणारे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांच्या तोंडून हे वाक्य थोड्याफार फरकाने मी अनेकदा ऐकले आहे. बहुतेक जण ते खाली मान घालून म्हणतात, कारण चिंता करू नका, आकाशातील पाखरांकडे पाहा असे सांगणारा बायबलमधील मत्तयाचा सहावा अध्याय त्यांना लहानपणापासून पाठ असतो, आणि तरीही पहाटे तीन वाजता त्यांना जाग येते ती गृहकर्जाच्या हप्त्याच्या आठवणीने. एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

हे गृहस्थ चाळिशीच्या उंबरठ्यावरचे, अंधेरीतील एका कंपनीत हिशेब विभागात काम करणारे. घर अंबरनाथला. पत्नी खाजगी रुग्णालयात परिचारिका, मुलगी सातवीत, आई सत्तरीच्या आणि मधुमेहाने त्रस्त. कल्याण ते कुर्ला या पट्ट्यात रेल्वे स्थानकांच्या आसऱ्याने राहणाऱ्या मुलांमध्ये काम करणाऱ्या एका लहानशा ख्रिस्ती गटाबरोबर ते तीन वर्षे दर शनिवारी जात होते. त्या गटाने त्यांना पूर्णवेळ येण्याविषयी विचारले होते. मानधन महिना 18,000 रुपये. त्यांचा पगार 52,000 होता आणि घराचा हप्ता 19,500.

पहिल्याच भेटीत त्यांनी खिशातून एक छापील कागद काढून टेबलावर उलगडला. उत्पन्न, हप्ता, शाळेची फी, आईंची औषधे, रेल्वेचे पास, मंडळीचा दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, सगळे नेटकेपणे मांडलेले होते. कागदाची घडी इतक्या वेळा उघडली आणि मिटली गेली होती, की नेमका घडीवर आलेला आकडा पुसट होऊन गेला होता. तो आकडा दरमहाच्या तुटीचा होता. “चार हजार तीनशे,” ते न पाहताच म्हणाले. मग त्यांनी विचारले, “मला भीती वाटते, याचा अर्थ माझे पाचारण, म्हणजे प्रभूचे बोलावणे, खरे नाही असा होतो का?”

तसा अर्थ होत नाही, हे मी त्यांना तेथल्या तेथे सांगितले. पवित्र शास्त्रात ज्यांना देवाने बोलावले त्यांपैकी मोशे, गिदोन, यिर्मया यांनी आधी कारणेच पुढे केली होती, आणि भीतीवरून देवाने त्यांना अपात्र ठरवले नाही. परंतु वचनांची उजळणी करून मी त्या दिवशी थांबले असते, तर त्यांना माझ्याकडे येण्याची गरजच नव्हती. वचने त्यांना माझ्याइतकीच ठाऊक होती. म्हणून मी वेगळा प्रश्न केला. तो तुटीचा आकडा समोर आला, की तुम्हाला काय आठवते?

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाण्याची वही.”

त्यांचे वडील नगर जिल्ह्यातील एका गावात प्रचारक होते. वेतन तुटपुंजे आणि तेही वेळेवर न येणारे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचे वेतन सोडून दिले, हा दाखला वडील घरात वारंवार देत आणि प्रभू पुरवील असे म्हणून विषय संपवत. उधारीवर किराणा आणायला मात्र या मुलाला पाठवले जाई, कारण लहान मुलाला दुकानदार परत पाठवत नाही. लाल कापडाच्या बांधणीची ती लांबट वही काखेत धरून तो दुकानात जायचा, आणि बाकीची गिऱ्हाइके निघून जाईपर्यंत गुळाच्या ढेपांमागे उभा राहायचा. वाणी मागची बेरीज बोटाने वरपासून खालपर्यंत तपासायचा, चष्म्यावरून एकदा याच्याकडे पाहायचा आणि मग तराजू उचलायचा. अपमानाचा एक शब्दही त्याने कधी काढला नव्हता. “पण बेरीज तो मोठ्याने म्हणायचा, ताई.”

देव पुरवील का, असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पुष्कळांचा खरा प्रश्न निराळा असतो, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. या गृहस्थांना आपण उपाशी मरू अशी भीती वाटत नव्हती. आपली सातवीतली मुलगी उद्या कोणत्या तरी दुकानाच्या फळीपुढे उभी राहील, याची भीती वाटत होती. जोपर्यंत ही भीती नेमक्या शब्दांत बोलली जात नाही, तोपर्यंत पाखरांचे आणि भूकमळांचे वचन कानावरून जाते, आत उतरत नाही, आणि माणूस मात्र आपला विश्वासच कमी पडला असे समजून स्वतःला दोष देत राहतो.

दुसऱ्या भेटीला मी त्यांच्या पत्नीला बोलावले. या निर्णयाबद्दल त्यांना कळवण्यात आले होते, विचारण्यात आले नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझा सेवेला विरोध नाही. त्या मुलांना मी स्वतः पट्ट्या बांधल्या आहेत. पण यांच्या विश्वासाचा हप्ता माझ्या 24,000 पगारातून जाणार आहे, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.” पतीने काही उत्तर दिले नाही, आणि त्या दिवशी ते न देणेच योग्य होते.

या ठिकाणी मला थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण आपल्या मंडळ्यांतून शिष्यत्वाविषयी जे शिकवले जाते त्यात ही बाजू फार क्वचित येते. याकोब आणि योहान जाळी सोडून येशूच्या मागे गेले, हे आपण ऐकतो. पण त्यांनी आपला बाप जब्दी याला तारवात मजुरांबरोबर सोडले, असे मार्क मुद्दाम नोंदवतो, म्हणजे म्हातारा एकटा पडलेला नव्हता. येशू आणि बारा शिष्य गावोगाव फिरत होते तेव्हा मग्दालीया मरीया, खुजाची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्यांची सेवा करत होत्या, हे लूक आठव्या अध्यायात नावानिशी सांगतो. देवाचा पुरवठा त्या स्त्रियांच्या हातून आला आणि लूकने ते हात झाकून ठेवले नाहीत. उलट, आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे, म्हणजेच कुर्बान आहे, असे म्हणून जबाबदारी टाळणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत फटकारले. स्वतःचे उद्याचे अन्न देवावर सोपवण्याचा अधिकार प्रत्येक शिष्याला आहे. दुसऱ्याचे त्याला न विचारता सोपवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे मला आजवर कोणत्याही वचनात सापडलेले नाही.

तिसऱ्या वेळी आई आल्या. अंबरनाथहून दुपारच्या कमी गर्दीच्या गाडीने, सुनेचा हात धरून. वहीचा विषय निघाल्यावर त्या जरा हसल्या. “ती वही दर दिवाळीला आणि नाताळाच्या आधी कोरी व्हायची,” त्या म्हणाल्या. “गावातल्या साड्यांचे फॉल, गोधड्या, शाळेतल्या मुलींचे झगे, सगळे माझ्या मशीनवर. रात्री तुम्ही झोपलात की मी बसायचे.” मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याच्या मनात ती उधारी कधी फिटलेलीच नव्हती. आईंनी पुढे जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे: “तुझे बाबा जेवायला बसताना प्रभूचे आभार मानायचे. मीही मानायचे, कारण डोळे आणि हात त्यानेच दिले होते. पण मशीनवर कोण बसले होते, हे त्यांनी एकदा तरी प्रार्थनेत म्हटले असते, तर मला फार बरे वाटले असते.”

सून त्यांच्याकडे बघत राहिली. त्या भेटीत मला फारसे काही बोलावे लागले नाही.

यानंतरच्या भेटीत आम्ही एलीया संदेष्ट्याची गोष्ट एकत्र वाचली, कारण वडिलांच्या उपदेशांतून त्यांच्या लक्षात राहिले होते ते फक्त कावळे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात करीथ ओहळाजवळ कावळे एलीयाला सकाळ-संध्याकाळ भाकर व मांस आणून देत होते, हे खरे. पण पुढे ओहळ आटला. देवानेच पाठवलेल्या जागी, आज्ञापालन चालू असताना, पाणी संपले. त्यानंतर देवाने त्याला सारफथच्या ज्या विधवेकडे पाठवले, तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल एवढेच उरले होते. तिचे मडके एकदम भरले असे तेथे लिहिलेले नाही. ते रिकामे झाले नाही, इतकेच लिहिले आहे. आणि आपल्याहून गरीब बाईकडे भाकर मागण्याचे काम संदेष्ट्याला स्वतः, तोंडाने करावे लागले. त्याने लहान मुलाला पाठवले नाही. हे वाक्य मी उच्चारले तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

मान्न्याविषयीही, म्हणजे देवाने अरण्यात इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाविषयी, त्यांच्या मनात एक गाठ होती. शिल्लक ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, म्हणून बचत करणे म्हणजे अविश्वास, असे त्यांना वाटे. परंतु निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातच सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा आहे आणि ते दुसऱ्या दिवशी नासले नाही. पिशवी-झोळीवाचून पाठवलेल्या शिष्यांना काही उणे पडले नव्हते, याची आठवण करून देऊन येशूने पुढच्याच वाक्यात, आता ज्याच्याजवळ पिशवी आहे त्याने ती घ्यावी, असे सांगितले. प्रेषित पौलाने करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवले, आणि तुरुंगात असताना फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली देणगीही आनंदाने घेतली. पंडिता रमाबाईंचे केडगावचे कार्य आपण प्रार्थनेचे फळ म्हणून सांगतो, आणि ते तसे आहेच. पण तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला, हेही त्याच प्रार्थनेचे फळ होते.

व्यवहाराची बाजू आम्ही एका बैठकीत उरकली. नोकरी सुटताच कंपनीचा गट आरोग्य विमा संपतो, आणि नव्याने पॉलिसी घेतल्यास आईंच्या मधुमेहासारख्या आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे विचारायला मी त्यांना सांगितले. पाच वर्षांहून अधिक सलग नोकरी झाल्यामुळे मिळणारी ग्रॅच्युइटी खर्चात न घालता बाजूला ठेवायची, असे ठरले. पत्नीने एक अट घातली आणि ती मला फार शहाणपणाची वाटली: वर्षाअखेरीस दोघांनी हिशेब घेऊन बसायचे, आणि नोकरी शोधावी लागली तर ती पाचारणातून माघार समजायची नाही. पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या दोन कुटुंबांना तुटीचा आकडा जसाच्या तसा सांगायचे, हे मात्र या गृहस्थांना सगळ्यांत जड गेले. राजीनामा लिहिण्यापेक्षाही जड.

नऊ महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या घरी आता हिशेबाची एक वही आहे, ती आई लिहितात. आलेल्या प्रत्येक रकमेपुढे ती कोणाच्या हातून आली हे नोंदवायचे, असा त्यांचा नियम आहे, आणि पहिल्या पानावर पहिल्या ओळीत सुनेचे नाव आणि तिचा पगार आहे. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेतही तिचे नाव घेतले जाते, असे मुलीने मला सांगितले.

नोकरी सोडल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मुलीची फी आणि आईंच्या तपासण्या एकत्र आल्या आणि ऐन पावसाळ्यात डबे रिकामे होऊ लागले. अशाच एका संध्याकाळी त्यांनी मंडळीतल्या एका कुटुंबाला स्वतः फोन लावला. हात तसाच थरथरत होता, असे ते मला म्हणाले, गुळाच्या ढेपांमागे थरथरायचा तसा. पलीकडून एवढेच विचारले गेले, की पैसे पाठवू की तांदूळ आणून देऊ. त्यांनी तांदूळ मागितले. रात्री साडेनऊला भिजलेल्या रेनकोटातून त्या कुटुंबातले गृहस्थ दहा किलोची पिशवी घेऊन दारात उभे राहिले, आणि आईंनी चष्मा लावून वही उघडली, त्यांचे नाव लिहिले, आणि मग तांदूळ निवडायला घेतले.