बारा लाखांत सोनं किती?

इंदूर

चि.,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कागद पाहिला. शेअरच्या फंडांत नऊ लाख, पीपीएफ आणि एफडी मिळून तीन लाख, वर दरमहा वीस हजारांची एसआयपी. मांडणी स्वच्छ आहे. घोळ शेवटच्या ओळीत आहे: कमॉडिटीसाठी (सोनं-चांदी, तेल, शेतमाल असा माल) एमसीएक्स या वायदेबाजारात चांदी मिनीचा एक लॉट, म्हणजे सौद्याचा ठरलेला गठ्ठा, घ्यायचा, कारण मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची अनामत, एकूण रकमेच्या सहा-सात टक्क्यांत बसतं.

मार्जिन बसतं, चांदी बसत नाही. चांदी मिनीचा लॉट पाच किलोचा. हिशेबाला सोपा म्हणून किलोचा भाव एक लाख धर, मार्जिन पंधरा टक्के. तू ब्रोकरकडे ठेवलेस ७५ हजार, पण वाढ-घट होणार पाच लाखांच्या मालावर. म्हणजे तुझ्या बारा लाखांतले जवळजवळ ४२ टक्के चांदीवर लागले. भाव सहा टक्के उतरला की ३० हजार त्याच दिवशी खात्यातून जातात, कारण वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, तोटा रोजच्या रोज वसूल होतो. दुसऱ्या दिवशी मार्जिन भरलं नाहीस तर ब्रोकर सौदा कापून मोकळा होतो, आणि तो नेमका पडलेल्या भावातच कापला जातो. चांदी महिनाभरात परत वर आली तरी तू तोवर बाहेर. तेव्हा वायदा कागदावर लिहायचा तर मार्जिनचा आकडा लिहू नकोस, मालाची पूर्ण किंमत लिही. तेवढं केलंस तरी निम्मा मोह जातो.

आता मुळात हे हवंच कशाला? सोनं-चांदी व्याज देत नाही, लाभांश देत नाही. त्याला ठेवायचं ते शेअरबरोबर वर-खाली होत नाही म्हणून. आकड्यांत बघ. बारा लाखांची ६५-२५-१० अशी वाटणी कर: शेअर ७.८ लाख, पीपीएफ-एफडी ३ लाख, सोनं १.२ लाख. शेअर तीस टक्के पडले आणि सोनं पंचवीस टक्के चढलं, तर तुझ्याकडे ९.९६ लाख उरतात. सोनं नसतं, नऊ लाख शेअरमध्येच असते, तर ९.३ लाख. ६६ हजारांचा फरक. आता उलटं कर: शेअर तीस टक्के वर, सोनं पंचवीस टक्के खाली. सोन्यासकट १४.०४ लाख, सोन्याविना १४.७ लाख. पुन्हा तेच ६६ हजार, पण तुझ्या खिशातून. दहा टक्क्यांचं सोनं एवढंच करतं, दोन्ही बाजूंनी. दुसरी बाजू सोसवत नसेल तर पाचच टक्के ठेव. कुणी वीस टक्के सोनं ठेव म्हणतात, ते मला पटत नाही.

सोनं पडतच नाही, हे सराफ्यात ऐकलेलं सराफ्यातच सोड. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलर झालेलं सोनं १९९९ साली अडीचशेच्या आसपास होतं. २०११ मध्ये १,९०० च्या वर गेलं आणि २०१५ च्या अखेरीस १,०५० ला आलं. आपल्याला ते तितकं बोचलं नाही, कारण मधल्या काळात रुपया घसरत होता. इथला भाव तीन गोष्टींनी ठरतो: डॉलरमधला भाव, रुपयाचा दर आणि आयात शुल्क. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणलं, आणि जगात काही घडलं नसताना इथलं सोनं कोसळलं.

विकत घेण्याआधी घरात काय आहे ते मोज. आईच्या पाटल्या आणि मंगळसूत्र धरू नकोस. शेअर पडले म्हणून ते कुणी मोडत नाही. पण गुरुपुष्यामृताला घेऊन ठेवलेल्या वेढण्या त्याचसाठी असतात. त्या धर, निदान तुझ्या वाट्याच्या तरी. दुसरं, सांवेरजवळची जमीन. दर खरिपाला तिथे सोयाबीन आहे, म्हणजे घराचं उत्पन्न आधीच त्या भावाला बांधलेलं आहे. वर तू सोयाबीनवरच पैसे लावलेस तर एकाच फांदीवर दोघं बसल्यासारखं होईल. लावायची सोयही बेभरवशाची म्हणा. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सोयाबीन, सोयातेल, हरभरा, मोहरी, गहू असे सात शेतमालांचे वायदे वर्षभरासाठी बंद केले आणि मग मुदत वाढवत नेली. शेतमालाच्या वायद्यात ही जोखीम कायमची: महागाई वाढली की सरकार दार लावून घेतं.

त्यावर कुणीतरी सांगेल, मग सोया प्लांटवाल्या कंपनीचा शेअर घे. ती कमॉडिटी नव्हे. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं, बाकी बहुतेक डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. तेल आणि डीओसी विकून आलेले पैसे उणे बियांची किंमत, हा प्लांटचा धंदा. मंडीत बी महागलं आणि डीओसीला बाहेर उठाव नसला, तर सोयाबीन तेजीत आणि कंपनी तोट्यात, असंही होतं.

क्रूडचं, म्हणजे कच्च्या तेलाचं, थोडक्यात. तेल तू घरात ठेवू शकत नाहीस, म्हणून वायदाच घ्यावा लागतो आणि दर महिन्याला तो पुढे ढकलावा लागतो. हजर भाव (आज माल घेण्याचा) ५,००० आणि पुढच्या महिन्याचा ५,१०० असेल, तर तू ५,१०० ला घेतोस. महिना संपताना वायदा हजर भावाला येऊन मिळतो. तेल जिथल्या तिथे राहिलं तरी बॅरलमागे शंभर रुपये गेले. बाराही महिने असाच फरक राहिला तर वर्षाला चोवीस टक्के, नुसते थांबण्याचे. आणि खाली शून्याला तरी तळ आहे असं समजू नकोस. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत टाक्या भरत आल्या, माल उचलायला कुणी नव्हतं आणि मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. टाळेबंदीमुळे आपला बाजार तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. ती पडझड झाली रात्री. एमसीएक्सनं सौदे उणे २,८८४ रुपयांना मिटवले. हजार रुपयांनी शंभर बॅरलचा लॉट घेतलेल्याचा तोटा एक लाखावर थांबला नाही, ३,८८,४०० झाला.

तेव्हा तुझ्यापुरती कमॉडिटी म्हणजे सोनं, आणि तेही ईटीएफ (शेअरसारखी बाजारात विकली जाणारी, सोन्याच्या किमतीची युनिटं) किंवा त्याच्यावरचा फंड, म्हणजे त्याच ईटीएफमध्ये पैसे टाकणारा म्युच्युअल फंड. नाणं घेतलंस तर तीन टक्के जीएसटी घेतानाच गेला, विकताना सराफ पुन्हा काही कापतो. दागिन्यात घडणावळ वेगळी. सॉव्हरिन गोल्ड बाँडचा, म्हणजे सोन्याच्या भावाला बांधलेल्या सरकारी रोख्यांचा, शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२४ चा. जुने बाँड एक्स्चेंजवर मिळतात, पण उलाढाल तुटपुंजी, आणि अडीच टक्के व्याज मूळ विक्रीच्या किमतीवर मिळतं, तू मोजलेल्या किमतीवर नाही. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

ईटीएफ घेताना आयनॅव्ह बघ, म्हणजे त्या क्षणाला आतल्या सोन्याची किंमत. युनिटचा भाव तिच्याहून अर्ध्या टक्क्यापेक्षा वर असेल तर थांब. सकाळी सव्वानऊला उघडताच घेऊ नकोस. एमसीएक्स रात्री उशिरापर्यंत चालतं, ईटीएफ साडेतीनला बंद होतो, त्यामुळे पहिल्या पंधरा मिनिटांत भाव सैरभैर असतो. ऑर्डर नेहमी लिमिटची, म्हणजे याहून जास्त भाव देणार नाही असं ठरवून. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीच्या ईटीएफवर अशी झुंबड उडाली की युनिटं आतल्या चांदीपेक्षा बरीच महाग विकली गेली, आणि काही फंड घराण्यांनी चांदीच्या फंडांत एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. तेव्हा बाजारभावानं घेतलेल्यांनी चांदीबरोबर तो वरचा भावही विकत घेतला. चांदी हवीच असेल तर सोन्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. ती अर्ध्याहून अधिक कारखान्यांत खपते, म्हणून मंदीत शेअरबरोबर पडते. १९८० मध्ये पन्नास डॉलरला टेकलेला भाव तिनं ओलांडला तो थेट २०२५ मध्ये.

शेअर विकून सोनं घेऊ नकोस. एसआयपीतले बारा हजार वर्षभर सोन्याच्या फंडाकडे वळव. वर्षाला १.४४ लाख होतील; इतर काही हललं नाही तर १४.४ लाखांचे (बारा लाख अधिक वर्षाची २.४ लाखांची एसआयपी) बरोबर दहा टक्के. वेढण्या निघाल्या तर तेवढे महिने कमी.

नंतर वर्षातून एकदा, एप्रिलात, वजन बघ. सोनं सात ते तेरा टक्क्यांत असेल तर हात लावू नकोस. शेअर तीस टक्के पडण्याच्या वरच्या उदाहरणात ते पंधरावर जातं. तेव्हा सुमारे पन्नास हजारांचं विकायचं आणि शेअरमध्ये टाकायचं. आणखी एक्कावन्न हजार एफडीतून, कारण पीपीएफ मनाला येईल तेव्हा काढता येत नाही. त्या दिवशी प्रत्येक वाहिनी सोनं आणखी वर जाणार म्हणत असेल. तरी विक. फरक थोडा असेल तर नवी एसआयपी वळवूनच भागव, कर लागत नाही. विकावंच लागलं तर ईटीएफ बारा महिन्यांनंतर आणि त्याच्यावरचा फंड चोवीस महिन्यांनंतर, म्हणजे साडेबारा टक्के. त्याआधी तुझ्या स्लॅबनं. वायदा केलास तर ते धंद्याचं उत्पन्न ठरतं आणि पगारदार माणसाला आयटीआर-३ हा धंदेवाल्यांचा प्राप्तिकर फॉर्म भरावा लागतो, एका लॉटसाठीसुद्धा.

आपल्या गावात टिप्स विकणारे फोन भरपूर; इथल्या कितीतरी सल्लागारांवर सेबीचे आदेश निघालेले आहेत. नोंदणी क्रमांक विचार: सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, संशोधकाचा आयएनएच या अक्षरांनी. सेबीच्या साइटवर पडताळ. खात्रीचा परतावा म्हणाला की फोन ठेव. डब्ब्यात, म्हणजे एक्स्चेंजबाहेर बेकायदा, सौदा कर म्हणणाऱ्याला तर कॉन्ट्रॅक्ट नोटही (सौद्याची अधिकृत पावती) देता येत नाही.

कागद पुन्हा लिहून काढ आणि पाठव. वेढण्यांचं वजन आईला विचारून ग्रॅममध्ये लिही, तोळ्यात नको. दहा ग्रॅमचा तोळा धरणारे आणि ११.६६ चा धरणारे एकाच घरात असतात.