पती-पत्नीच्या मातृभाषा वेगळ्या असतील, तर घरात कोणती भाषा बोलावी?

तुम्ही मराठी, होणारी पत्नी कन्नड आणि आजवरचे सगळे बोलणे इंग्रजीत; तेव्हा लग्नानंतर कोल्हापुरात राहताना आपसांत कोणती भाषा बोलावी, असे तुम्ही विचारले आहे. मी कोल्हापूरचा, माझी पत्नी धारवाडची, आणि आमच्या लग्नाला ११ वर्षे झाली आहेत, म्हणून अनुभवावरून लिहितो.

आमची ओळख पुण्यात, नोकरीच्या ठिकाणी, हिंदीतून झाली. ज्या भाषेत ओळख होते ती जिभेवर अशी बसते की, ती सोडून दुसऱ्या भाषेत बोलू लागल्यावर काही दिवस समोर परके माणूस बसल्यासारखे वाटते. हे अवघडलेपण जाते. त्यापायी बदल टाळू नका.

लग्नानंतर आम्ही राजारामपुरीत राहायला आलो आणि घरात मराठी सुरू झाली, म्हणजे खरे तर तिने एकटीने ती सुरू केली. शेजारणींकडून ती भराभर शिकली. कोल्हापुरात बायकाही 'मी येतो', 'मी जेवलो' असे म्हणतात, आणि कन्नडमध्ये स्वतःविषयी बोलताना क्रियापद स्त्री-पुरुषांना सारखेच असल्यामुळे ते तिच्या सोयीचेच झाले. घोटाळा होई तो 'आपण' आणि 'आम्ही' यांचा, कारण कन्नडमध्ये दोन्हींना एकच 'नावु' आहे. एकदा ती मला म्हणाली, "आम्ही उद्या अंबाबाईला जाऊन येऊ," तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि त्याला घरात ठेवणार व्हय?" सगळे हसले, तीही हसली, पण त्यानंतर प्रत्येक वाक्याआधी ती क्षणभर थांबू लागली, आणि ते थांबणे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

दीड वर्षाने एका रात्री पैशांवरून आमचे भांडण झाले. मराठीत बोलता बोलता ती अडली, गप्प झाली आणि मग कितीतरी वेळ कन्नडमध्ये बोलत राहिली. त्यातला 'सिट्टु', म्हणजे राग, एवढाच शब्द मला कळला. मला माझ्या घरात मनासारखे रागावता येत होते. तिला मात्र त्यासाठीही आधी शब्द जुळवावे लागत होते.

म्हणून सांगतो, घरात मराठी जरूर बोला, कारण तिला याच गावात वावरायचे आहे. पण तुम्ही कन्नड शिकलेच पाहिजे. निपाणी इथून जेमतेम ४० किलोमीटरवर असताना कन्नड शिकायचे कुठे, असे कोल्हापूरकराने म्हणू नये. १९५६ पर्यंत धारवाड आणि कोल्हापूर एकाच मुंबई राज्यात होते; तिच्या आजोबांना मराठी लिहिता-वाचता येत असे, आणि आमच्या घरात कन्नडचे अक्षरही कुणाला येत नव्हते, याची मला लाज वाटली.

सगळे बोलणे एकदम बदलायला जाऊ नका. दिवसातली एक वेळ ठरवा. आम्ही रात्रीचे जेवण कन्नडसाठी राखले. 'ऊट आय्ता?', म्हणजे 'जेवण झालं का?', इथून मी सुरुवात केली, आणि ताटावर बसल्यावर भाजी-आमटीची नावे, दिवसभरात काय घडले, असे बोलणे वाढत गेले. लिपी मी पुष्कळ नंतर शिकलो. आपण आईला 'तू' म्हणतो त्या सवयीने मी एकदा फोनवर सासूबाईंना 'नीवु' म्हणायच्या ऐवजी 'नीनु' म्हणालो. पत्नी शेजारून हळूच चूक सांगू लागली, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "इर्ली," म्हणजे असू दे, आणि पूर्वी माझी खुशाली विचारून लगेच फोन मुलीकडे द्यायला सांगणाऱ्या त्या त्या दिवशी माझ्याशी बराच वेळ बोलल्या.