डिझेलवर चालणाऱ्या बॉयलरचा बर्नर थंडीत सकाळी पेटत नाही, काय तपासावे?

जळगावच्या आपल्या वसतिगृहात वाफेवर स्वयंपाक होतो आणि पहाटे बर्नरचा पंखा फिरूनही ज्योत न धरता लाल दिवा लागतो, असे आपण लिहिले आहे. कृपया रीसेटचे बटण वारंवार दाबू नका, कारण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेले डिझेल भट्टीत साचते आणि पुढच्या ठिणगीला त्याचा भडका उडू शकतो.

ज्योत क्षणभर दिसून विझत असेल, तर फोटोसेलच्या (ज्योत पेटली का ते ओळखणाऱ्या सेन्सरच्या) काचेवर काजळी धरली असण्याची शक्यता मोठी असते. ती मऊ कोरड्या कापडाने पुसावी. ज्योत मुळीच दिसत नसेल, तर टाकीच्या तळाचे पाणी काढावे, फिल्टर बदलावा आणि पंपातील हवा काढावी. थंड डिझेल दाट होते, त्यामुळे डिझेल फवारणाऱ्या झिजलेल्या नोझलमधून बारीक तुषार न निघता जाड थेंब पडतात, आणि दुपारी चालणारा बर्नर पहाटे अडतो. माझा पहिला संशय नोझलवरच आहे. नोझल खरवडून साफ करू नये, त्याच मापाचे नवे बसवावे. ठिणगी पाडणाऱ्या दोन इलेक्ट्रोडमधील अंतर साधारण ३ ते ४ मिलिमीटर असते, पण ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन ट्रान्सफॉर्मरचा विद्युतदाब हजारो व्होल्टचा असल्याने ते काम मुख्य वीज तोडून तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.