आठ कोर रिकामे बसलेत, तरी फ्लाइट सिम्युलेटर का अडखळतो?

तुमचा प्रश्न असा: प्रोसेसर आठ कोरचा (म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांचा) आहे, सिम्युलेटर चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वापर जेमतेम २५-३० टक्के दिसतो, आणि तरीही मोठ्या विमानतळावर उतरताना फ्रेम (पडद्यावर सेकंदाला येणारी चित्रं) २० च्या आसपास घसरतात. मग उरलेले कोर कामाला कसे लावायचे?

ते तुम्हाला लावता येणार नाहीत. ऐकायला वाईट वाटेल, पण हे एकदा पटलं की पुढचा मार्ग सोपा होतो. मी स्वतः याच प्रश्नामागे बरेच महिने घालवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिम्युलेटरचं बरंचसं काम एका मुख्य थ्रेडवर (एका वेळी एकाच कोरावर चालणाऱ्या कामांच्या साखळीवर) चालतं, कारण ते एकापाठोपाठ एकच होऊ शकतं. आधी पंखांवरच्या हवेचे बल काढायचे, त्यावरून विमानाची नवी जागा, त्या जागेवरून ऑटोपायलटचा निर्णय आणि काट्यांची स्थिती, मग कॅमेरा, आणि शेवटी ग्राफिक्स कार्डाला ‘हे काढ’ अशी आज्ञा. मागची पायरी झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. भूभागाचे तुकडे उलगडणं, टेक्श्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) लोड करणं, आवाज अशी कामं मात्र वाटून देता येतात आणि ती इतर कोरांवर जातातही.

आता आकडे मांडून बघा. समजा एका फ्रेमला ३० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ३३ फ्रेम. त्यातले २४ मिलिसेकंद एकामागोमाग होणाऱ्या कामाचे आणि ६ वाटता येण्याजोगे. कोर आठचे शंभर केले तरी २४ च्या खाली जाता येत नाही, म्हणजे साधारण ४२ फ्रेमच्या वर उडी नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम तो हाच.

आणि त्या २५ टक्क्यांवर विसंबू नका. ती सगळ्या कोरांची सरासरी आहे. आठ कोर, सोळा लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला प्रत्येक कोर दोनसारखा दिसतो) असतील तर एक थ्रेड पूर्ण ताकदीने पळत असतानाही एकूण वापरात त्याचा वाटा सुमारे ६ टक्केच दिसतो. शिवाय विंडोज तो थ्रेड या कोरावरून त्या कोरावर हलवत राहतं, त्यामुळे कोणताच आलेख शंभराला टेकलेला दिसत नाही.

म्हणून आधी मोजा, मग बदला. एकच विमान, एकच विमानतळ, तेच हवामान, तीच वेळ ठरवा आणि पार्किंगमध्ये उभे राहा. रेंडर स्केल किंवा रिझोल्यूशन निम्मं करा. फ्रेम वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. जागच्या हलल्या नाहीत तर मुख्य थ्रेडची. ही चाचणी कुठल्याही सिम्युलेटरमध्ये चालते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमधला फ्रेमदर्शक तर ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असं सरळ लिहूनच दाखवतो. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये सीपीयू आणि जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) वेळ वेगवेगळा बघता येतो.

तुमच्या वर्णनावरून तुमची अडचण मुख्य थ्रेडची असावी. तसं असेल तर सावल्या, ढग, अँटिअलायसिंग (कडा गुळगुळीत करणं) कमी करून फारसं काही मिळणार नाही. लोक सगळ्यात आधी तेच कमी करतात आणि चित्र उगाच खराब करून घेतात. खरा भार कमी होतो तो इथे: भूभाग आणि वस्तू किती अंतरापर्यंत बारकाव्यानिशी दाखवायच्या त्या एलओडीच्या पट्ट्या, विमानतळावरच्या गाड्या आणि माणसं, आकाशातली इतर विमानं. एलओडी थोडा वाढवला तरी एवढा जड का होतो? अंतर दुप्पट झालं की वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट होतं. मी टेरेन एलओडी २०० वरून १०० वर आणला, तेव्हा उतरतानाचे हिसके जवळपास थांबले, आणि कॉकपिटमधून बघताना चित्रात मला फरक शोधावा लागला. दुसरी जड गोष्ट म्हणजे काट्यांऐवजी डिजिटल पडदे असलेलं कॉकपिट. त्या पडद्यांचा रिफ्रेश रेट कमी करण्याची सोय असेल तर वापराच. तेच मोठं प्रवासी विमान सोडून साध्या काट्यांचं छोटं विमान त्याच जागी उभं करा, फ्रेममधला फरक लगेच दिसेल.

बाहेरून टाकलेली अॅड-ऑन एकदा सगळी बाजूला काढून बघा. नंतर निम्मी परत टाका, मोजा, पुन्हा निम्मी. दोषी असेल ती अशी लवकर सापडते.

आता अॅफिनिटी मास्कबद्दल (प्रोग्रामने कोणते कोर वापरायचे हे ठरवणारा आकडा), कारण तो सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सला २००७ च्या सर्व्हिस पॅकने टेक्श्चर लोड करण्याचं काम जास्त कोरांवर वाटायला शिकवलं. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये १४ लिहिलं, म्हणजे बायनरीत १११०, की चार कोरांपैकी पहिला कोर विंडोजसाठी मोकळा राहायचा. त्या काळी त्या सिम्युलेटरला त्याचा उपयोग होत असे. आजच्या सिम्युलेटरांना हाताने कोर नेमून देऊ नका, विशेषतः वेगवान आणि काटकसरी अशा दोन प्रकारचे कोर असलेल्या प्रोसेसरवर. चुकून मुख्य थ्रेड संथ कोरांत अडकला तर आहे तेही जाईल. टास्क मॅनेजरमधून रिअलटाइम प्रायॉरिटी तर कधीच देऊ नका, माउस आणि आवाज अडखळायला लागतात.

हार्डवेअरकडे बघताना कोरांची संख्या सोडा, एका कोराचा वेग, कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी पण वेगवान मेमरी) आणि रॅम बघा. रॅमचा अनुभव सांगतो. माझी रॅम ३२०० वेगाची होती, पण बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल बंद असल्यामुळे ती कित्येक महिने २१३३ वरच चालत होती. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर तो वेग दिसतो, आजच बघा. दोन पट्ट्या असतील तर त्या ड्युअल चॅनलच्या योग्य खाचांत आहेत ना, तेही तपासा. कॅशचं महत्त्व किती, याचं उत्तम उदाहरण म्हणजे २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी. कोर आठच, घड्याळाचा वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, पण एल३ कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी, आणि सिम्युलेटरमध्ये तो स्पष्टपणे पुढे. मुख्य थ्रेडला लागणारी माहिती हाताशी राहते, रॅमपर्यंतच्या खेपा वाचतात.

हायपरथ्रेडिंग (एका कोरावर दोन थ्रेड चालवण्याची सोय) बंद करायच्या भानगडीत पडू नका. प्रोसेसर तापून वेग उतरवत नाही ना, एवढं मात्र पाहा.

आणि शेवटी फ्रेमला मर्यादा घाला. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ३० फ्रेम बांधून दिल्या की प्रत्येक चित्र बरोबर दोन वेळा दाखवलं जातं. २८ ते ५५ मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा हे डोळ्याला कितीतरी गुळगुळीत वाटतं, आणि प्रत्येक फ्रेमला मिळणाऱ्या ३३ मिलिसेकंदांत मुख्य थ्रेडला थोडा श्वास घ्यायला जागा उरते. उतरताना नवा भूभाग भराभर आत येतो, तेव्हा तीच जागा उपयोगी पडते.