मुंबईजवळ मध्ययुगीन ओसाड गावाचे अवशेष कसे ओळखावेत?

इंग्लंडमधील व्हॅरम पर्सीसारखे एखादे मध्ययुगीन ओसाड गाव मुंबईजवळ पाहायला मिळेल का आणि ते ओळखायचे कसे, असे आपण विचारले आहे. व्हॅरम पर्सीमधील शेवटची कुटुंबे इसवी सन १५०० च्या सुमारास, शेतीच्या जागी मेंढ्यांची कुरणे आली तेव्हा बाहेर पडली. पुढे तेथे पुन्हा गाव वसले नाही, म्हणून घरांची जोती आजही गवताखाली उंचवट्यांच्या रूपाने दिसतात आणि १९५० ते १९९० या काळात तेथे दर उन्हाळ्यात उत्खनन करता आले. मुंबईतील जुनी गावे मात्र बहुतांशी उठली नाहीत, त्यांच्यावरच शहर चढले. बोरिवलीतील एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळा, मी अनेकदा पाहिले आहेत. भर वस्तीत उभ्या असलेल्या त्या शिळांवर वल्ही मारणाऱ्यांनी भरलेली जहाजे कोरली आहेत. त्या काळचे एकसर मात्र आज कोठेच दिसत नाही.

उठलेले गाव पाहायचे असेल तर घाटावर जावे. आपल्याकडे वस्तीच्या जमिनीला पांढर आणि शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात, हा भेद पुरातत्त्वज्ञांच्या फार उपयोगाचा आहे. मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या कोसळत, चुलींची राख आणि शेणमाती त्यांत मिसळत जाऊन टेकाड तयार होते आणि काळ्या शेतांमध्ये ते फिकट रंगामुळे दुरूनही ओळखू येते. जुन्नरकडच्या अशा एका टेकाडावर पहिला पाऊस पडून गेल्यावर मी गेलो होतो. माती धुऊन निघाल्यामुळे तांबडी-काळी खापरे, बांगडीचा एक निळा तुकडा आणि जात्याची फुटकी तळी वर आली होती. महसुली दप्तरांत अशा गावांपुढे ‘बेचिराख’ असा शेरा असतो. चिराग म्हणजे दिवा, आणि जेथे दिवा लागत नाही ते बेचिराख. गावे उठण्याची कारणे दुष्काळ, लढाया, रोगराई, आटलेले पाणी अशी अनेक असतात.

कोकणात शोध अधिक कठीण आहे, कारण कारवीच्या कुडाच्या भिंती आणि पेंढ्याची छपरे पावसात टिकत नाहीत. तेथे दगडी जोते, बुजलेली विहीर, गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारी, गाढव कोरलेली शिळा) किंवा सतीशिळा यांवरूनच जुन्या वस्तीचा माग लागतो. एक कळकळीची विनंती आहे: खापर आवडले तरी घरी आणू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे, कारण जागेवरून हललेल्या खापराची त्या टेकाडाशी असलेली गाठ सुटते.